भीतीची हजेरी

जनरलसाहेब येणार म्हटल्यावर सगळ्यात आधी भलं झालं ते चाकण चौकातल्या सलूनवाल्याचं. प्रेस शॉपमधल्या पोरांनी केस बारीक करून घेतले, वॉचमनने बुटाला पॉलिश मारलं आणि मी मिशी कातरून आलो. मी मुळात भित्रा माणूस. औशाकडचा, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत पर्सोनेल खात्यात वीस वर्षं काढलेला. साहेबाच्या केबिनचं दार वाजलं तरी मी खुर्चीतून उठून उभा राहतो. त्यात हे लेफ्टनंट जनरल पाचारणे. चाळीस वर्षं फौजेत, सरहद्दीवर सगळा जन्म, छातीवर पदकं मावत नाहीत, सीमेवर काही खुट्ट झालं की टीव्हीवाले ज्यांना मत विचारतात ते. आमच्याकडे एका मुलाची दोन बोटं पत्रा दाबायच्या प्रेसखाली गेली आणि आमचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीने कान उपटले, म्हणून मालकांनी त्यांना सुरक्षा सल्लागार म्हणून आणलं होतं. फौजी माणूस आला की पोरं सरळ होतील, असा मालकांचा हिशेब.

पहिल्या दिवशी आम्ही गुच्छ घेऊन गेटवर उभे होतो आणि गाडीची वाट बघत होतो. गाडी आलीच नाही. पहिल्या शिफ्टची बस आली. तिच्यातून पोरांच्या लोंढ्यात एक बुटका, सडपातळ म्हातारा उतरला. ऐन चैत्रात अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर, हातात डबा. वॉचमनने त्यांना बाजूला घेऊन गेटपास मागितला. "पास आज मिळणार आहे," ते म्हणाले. "बहुतेक या देशमान्यांकडून. त्यांना विचारा." माझ्या छातीवरची नावाची पट्टी त्यांनी वीस फुटांवरून वाचली होती. मी गुच्छ पुढे केला तो उलटा, देठांकडून.

ते रहाटणीला राहायचे. मूळचे खेड तालुक्यातले, शेतकऱ्याच्या घरातले. बोलणं स्वच्छ, छापील. पण मनाला काही लागलं की बोली गावाकडे वळायची आणि ते मध्येच गप्प व्हायचे. त्यांना काही खोडी होत्या. उसाच्या रसात बर्फ चालायचा नाही. इतकंच नव्हे, गुऱ्हाळवाला बर्फ फोडायला लागला की हे पेला ठेवून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहायचे. फोनवर नेहमी उभं राहून बोलायचे. आणि त्यांच्यासमोर कुणी कुणाला "अरे, घाबरू नको" म्हटलं की त्यांचा चेहरा एकदम दगड व्हायचा. एकदा आमच्या नर्सबाईंनी इंजेक्शन देताना एका पोराला तसं म्हटलं, तर हे म्हणाले, "बाई, त्याला घाबरू द्या. तुम्ही फक्त हात हलका ठेवा."

पण कंपनीत त्यांचं नाव झालं ते हजेरीमुळे. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं ते प्रत्येक लाईनवर जायचे, एक छोटी वही काढायचे आणि एकेकाला विचारायचे, "आज कशाची भीती वाटते?"

पहिला आठवडाभर उत्तर एकच. "कशाची नाही, साहेब." छाती फुगवून. साहेब म्हणायचे, "म्हणजे तू अजून झोपेत आहेस. जा, तोंड धुऊन ये." आणि खरंच तोंड धुवायला पाठवायचे. मग एका आगाऊ पोराने सांगितलं, "बायकोची!" सगळी लाईन खिदळली. साहेबांनी गंभीरपणे लिहून घेतलं आणि विचारलं, "रात्री भांडण झालं का? झोप झालीय का? नसेल झाली तर आज तू प्रेसवर बसायचं नाही." पोराचं हसू तिथंच जिरलं, कारण ते खरं होतं. त्यानंतर मात्र खऱ्या भीत्या बाहेर पडायला लागल्या. क्रेनचा हूक डोक्यावरून जातो. कॅन्टीनमागचा पत्रा वाऱ्याला हलतो. चौकात बस थांबते तिथे मागून ट्रक येतात. ते म्हणायचे, "भीती म्हणजे आपण पुढं धाडलेला टेहळ्या. तो धापा टाकत परत आला आणि आपण त्यालाच हसलो, तर पुढच्या वेळी तो बातमी आणणार नाही."

मला विचारलं तेव्हा मी खरं बोलून गेलो. "तुमचीच, साहेब." त्यांनी वहीत लिहिलं आणि मान हलवली. "बरोबर आहे," म्हणाले.

आमचे प्रॉडक्शन मॅनेजर सावंत या प्रकाराने पिसाळले होते. "अहो, ही फॅक्टरी आहे, भजनी मंडळ नव्हे!" असं ते माझ्याकडे येऊन ओरडायचे, साहेबांसमोर बोलायची त्यांचीही प्राज्ञा नव्हती. एक दिवस मात्र तीही वेळ आली. जालन्याकडचा रामेश्वर हजेरीला म्हणाला, "सायेब, पाच नंबरच्या प्रेसवर आज भेव वाटायलंय. कामून ते सांगता येईना." साहेबांनी पाच नंबर बंद केला. फिटर आले, सगळं उघडून बघितलं, काही सापडलं नाही. सावंत लालबुंद होऊन आले. "काहीही नाहीये मशीनला! गाडी भरायची आहे संध्याकाळी!" साहेब त्या प्रेससमोर स्टूल टाकून बसले. "पुन्हा बघा," म्हणाले. पुन्हा बघितलं. दुपार झाली तरी काहीच नाही. शेवटी त्यांनी रामेश्वरला विचारलं, "गेलं का भेव?" तो ओशाळून म्हणाला, "गेलं." "मग करा चालू."

त्या मशीनमध्ये पुढेही कधी काही सापडलं नाही. मालाची गाडी चुकली आणि सावंतांनी महिनाभर टोमणे मारले. साहेबांनी एकदाही सफाई दिली नाही. मला वाटलं, म्हातारा हट्टी आहे.

बाहेर त्यांना फार मागणी. गणपती म्हणू नका, शाळेचं स्नेहसंमेलन म्हणू नका, प्रमुख पाहुणे पाचारणेसाहेब. मालकांच्या सांगण्यावरून मला बरोबर जावं लागायचं. रहाटणीच्या एका मंडळाच्या स्टेजवर निवेदकाने आवाज चढवला, "भीती हा शब्द ज्यांच्या शब्दकोशात नाही..." साहेब माईकवर आले आणि म्हणाले, "निवेदकांनी शब्दकोश बदलावा. मी चाळीस वर्षं भीत भीत नोकरी केली. ज्या दिवशी भ्यालो नाही, त्या दिवशीचं मी इथं सांगू शकत नाही." लोकांना वाटलं विनय. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी शेजारीच होतो. खुर्चीवर परतल्यावर टाळ्या थांबेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

एक गोष्ट मला बरेच दिवस खटकत होती. ते सगळ्या लाईनींवर जायचे, पण बायका सुटे भाग जोडायच्या त्या असेंब्लीवर कधी जायचे नाहीत. "तिथली हजेरी तुम्ही घ्या," असं मला सांगायचे. मला वाटलं, जुना माणूस, बायकांशी बोलायला संकोचत असेल. पण एक दिवस असेंब्लीतल्या रंजनाबाईंनी मला धरलं. चाकणच्या पलीकडच्या, भामा नदीकाठच्या गावातल्या त्या. पंचेचाळिशीच्या, बोलायला फटकळ. त्यांचे यजमान हवालदार बबन वीस वर्षांपूर्वी वरती बर्फात गेलेले. भरतीच्या फॉर्मवर 'शहीद सैनिकाची पत्नी' असं मीच लिहून घेतलं होतं.

"का वं भाऊसाहेब, आमाला भ्या वाटत न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. "समद्यांना इचारत्यात, आमच्याकडं फिरकत न्हाईत ते? आन् मला तर वळखत्यात. आमचं मानूस त्यांच्याच पल्टनीत व्हतं. आमच्या घरला आलते ते, तवा."

मी हा निरोप साहेबांना दिला. ते चहा पीत होते.  त्यांनी अर्धा कप तसाच बाजूला सारला.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये त्यांनी मला शेजारी बसवलं. मोशीच्या अलीकडे ट्रकच्या रांगा लागल्या होत्या, बस जागची हलत नव्हती. भोवती पोरं कानात वायरी घालून पेंगत होती. साहेब खिडकीबाहेर बघत बोलायला लागले, आणि मला आधी कळलंच नाही की ते माझ्याशी बोलतायत.

ते तेव्हा कर्नल होते, पलटणीचे मुख्य. बबन दोन जवानांबरोबर उंचावरच्या एका चौकीत होता. एका संध्याकाळी वायरलेसवर त्याने साहेबांनाच मागून घेतलं. एकाच तालुक्यातले म्हणून तो त्यांच्याशी गावच्या भाषेत बोलायचा. म्हणाला, "साहेब, बरफ बोलाया लागलंय, आतनं कडाडतंय. भ्या वाटतंया. पोरांना घिऊन खाली यिऊ का?"

"खोलीत वरच्या हेडक्वार्टरमधून आलेले अधिकारी बसले होते," साहेब म्हणाले. "त्यांच्यातल्या एकाला मराठी येत होती. तो गालात हसला. मला लाज वाटली, देशमाने. माझ्या तालुक्याचा माणूस लोकांसमोर भ्या वाटतंय म्हणतो, याची लाज. मी म्हणालो, 'आरं, मावळातला गडी हायस. बरफाला भितोस?' तोही हसला. मला ऐकू आलं त्याचं हसणं. 'न्हाई साहेब,' म्हणाला, 'ऱ्हातो की.' पहाटे तो सगळा बर्फाचा उतार चौकीसकट खाली आला."

बस दोन हात पुढे सरकली आणि पुन्हा थांबली.

"मी थांब म्हणालो असतो, तर तो हुकूम झाला असता. हुकमाची चौकशी होते. मी फक्त थट्टा केली. थट्टेची नोंद कुठंच होत नाही. चौकशीत निघालं, हवालदाराने स्वतःहून चौकीत राहायचं ठरवलं. पुढं मी ब्रिगेडियर झालो, मेजर जनरल झालो. वर चढतच गेलो."

"आणि रंजनाबाई?"

"तिच्या घरी मी स्वतः गेलो. सांगितलं, एका क्षणात झालं, शेवटपर्यंत तो निर्भय होता. गेली वीस वर्षं ती तेच धरून बसली असेल."

 मी त्यांना म्हणालो, साहेब, खपली कशाला काढता? तिलाही त्रास, तुम्हालाही. हे मी तिच्या काळजीने म्हणालो की कंपनीच्या, की माझ्या स्वतःच्या, ते मला आजही सांगता येत नाही.  त्यानंतर मात्र मला रोज सकाळी असेंब्लीची हजेरी घेताना रंजनाबाईंच्या डोळ्यांत बघायची भीती वाटायला लागली. माझ्या तोंडून निसटेल, चेहऱ्यावरून कळेल. एकदा टेबलावर साहेबांची वही उघडी पडली होती. त्या दिवशीच्या पानावर सगळ्यांच्या भीत्या लिहिल्या होत्या आणि सगळ्यात खाली, त्यांच्या स्वतःच्या नावापुढे, एकच शब्द होता. रंजना.

आणि एक दिवस तीच ऑफिसात आली. बरोबर सरपंच. गावाच्या वेशीवर बबनच्या नावाची कमान बांधून झाली होती. "तुमच्याच हातनं उद्घाटन व्हावं साहेब," ती म्हणाली. "त्यास्नी तुमीच शेवटचं बघितल्यालं." पत्रिकेवर साहेबांचं नाव आधीच छापलेलं होतं. त्यांनी पत्रिका दोन्ही हातांनी घेतली आणि येतो म्हणाले. ती आणि सरपंच गेल्यावर मी दार लावलं.

"स्टेजवर सांगणार आहात?" मी विचारलं.

"स्टेजवर सांगणं म्हणजे पुन्हा आपलीच बहादुरी मिरवणं. आधी तिला सांगायचं, घरी. ती म्हणाली परत जा, तर परत यायचं."

कार्यक्रम सकाळी दहाचा. मालकांनी त्या दिवसापुरती गाडी दिली होती. साहेबांनी गणवेशाऐवजी साधा कोट घातला होता, पदकं लावली नव्हती. वाटेत त्यांनी दोनदा गाडी बाजूला घ्यायला लावली. दुसऱ्यांदा ते खाली उतरून ओकले.  गावाच्या बाहेरूनच कर्ण्यांवर देशभक्तीची गाणी ऐकू येत होती, कमानीला झेंडूच्या माळा होत्या आणि खाली पोरं मोबाइल घेऊन तयारीत उभी होती.

आम्ही मागच्या गल्लीने रंजनाबाईंच्या घरी गेलो. दोन खोल्या. भिंतीवर गणवेशातला तरुण बबन, हार घातलेला. ती तांब्या घेऊन आली. साहेबांनी पाणी घेतलं नाही, खुर्चीवर बसले नाहीत. फौजेत उभं राहतात तसे उभे राहिले आणि जसं घडलं तसं सगळं सांगितलं. वायरलेस, हसणारा अधिकारी, आपली लाज, आपली थट्टा. एकही शब्द गाळला नाही. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. ती किंचाळेल, पायताण हाणेल, सगळ्या गावाला बोलावेल, असं काहीबाही माझ्या डोळ्यांसमोर येत होतं.

 तांब्या तिच्या हातातच होता. मग तिने विचारलं, "म्हंजी, ते भ्याले व्हते?"

"हो."

"खाली यायचं म्हनले व्हते?"

"हो. परवानगी मागितली होती."

ती मटकन खाली बसली. "वीस वरसं समदी मला सांगत्यात, तुजा नवरा भ्याला न्हाई. शाळंतली पोरं भाषानं करत्यात. मला रातध्याड वाटायचं, ज्या मान्साला मराचं भ्याच न्हाई, त्याला घरची वढ तरी कशी आसंल? आमची आठवन तरी झाली आसंल का? पोरगी चार महिन्यांची व्हती." तिने पदर तोंडाशी नेला. "यायचं व्हतं त्यास्नी. माज्या मान्साला घरला यायचं व्हतं."

मग तिने वर बघितलं. त्या नजरेत दया नव्हती.

"आन् तुमी त्यास्नी लाजवलंत. तुमाला माफ कराया मला जमायचं न्हाई, साहेब. पर परत जायचं न्हाई. स्टेजवर चला. आन् आता त्यांच्याबद्दल खोटं बोलायचं न्हाई. जे मला सांगितलं तेच समद्यांना सांगा."

याची त्यांनी तयारी केली नव्हती.  ती पुढे निघाली आणि चाळीस वर्षं फौज चालवलेला माणूस तिच्या मागून चालायला लागला.

भाषण चार मिनिटांचंही झालं नाही. "हवालदार बबन यांना त्या संध्याकाळी भीती वाटली होती," ते म्हणाले. "त्यांची भीती खरी होती. त्यांना आपल्या माणसांना खाली आणायचं होतं. मी त्यांना भित्रा ठरवून हसलो. ते आणि त्यांचे दोन साथीदार माझ्यामुळे गेले. या कमानीवर त्यांचं नाव असावं. माझं नाव खाली उद्घाटनाच्या पाटीवर आहे, ते काढून टाका."

एकही टाळी पडली नाही. माईक नुसता शिट्टी मारत राहिला. सरपंच उठले, बसले. मागून कुणीतरी ओरडलं, "आमच्या वीराला भित्रा म्हनतोय म्हातारा!" आणि सगळा मांडव एकदम उठला.

पुढचं आधीच सांगून टाकतो. ते भाषण संध्याकाळपर्यंत चाकणभर मोबाइलवर फिरलं. मालकांनी सोमवारपासून त्यांना येऊ नका म्हणून कळवलं. ते पत्र मीच टाईप केलं, नाही म्हणायची हिंमत मला झाली नाही. टीव्हीवाले, मंडळं, शाळा, सगळी बोलावणी बंद झाली. माझी आणि त्यांची गाठ त्या दिवसानंतर पडली नाही.

तर त्या दिवशी. आम्ही कसेबसे गाडीत बसलो तोवर पोरांनी गाडीला वेढा घातला होता. बॉनेटवर थापा पडत होत्या. एकाने साहेबांच्या बाजूचं दार खेचून उघडलं. "उतर खाली! माफी माग!" मी सीटखाली शिरायच्या बेतात होतो, हे लपवत नाही. साहेब खरंच उतरायला लागले. तेवढ्यात गर्दीतून रंजनाबाई वाट काढत आली आणि तिने त्या पोराचा दंड धरून त्याला मागे ओढलं.

"सोड. जाऊ दे त्यास्नी."

"आगं काकी, बबननानाला त्यांनी..."

"वीस वरसं तुमी कमानीबद्दल बोलताय. आज पयल्यांदा कुनी माज्या मान्साबद्दल बोललं."

पोरं बाजूला झाली. तिने दार लावलं, आणि ते जोरात लावलं. साहेबांनी काच खाली केली. 

"येतो," ते म्हणाले.

आपल्याकडे यावर 'या' म्हणतात. दारावर आलेल्या परक्यालाही म्हणतात. ती काही बोलली नाही. साहेब उघड्या खिडकीतून तिच्याकडे बघत थांबले. ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागला. गाडी चालूच होती, पण पुढे घ्या म्हणायचं धाडस आमच्यात कुणाला नव्हतं. शेवटी ती वळली आणि कमानीकडे चालायला लागली. ती गर्दीत दिसेनाशी झाली, तरी साहेबांनी काच वर केली नाही.

रहाटणीला सोसायटीच्या गेटवर ते उतरले. माझा निरोप घेतला आणि आत निघाले. चार पावलांवर त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. मी धावत जाऊन हात दिला.

"साहेब, बरं वाटतंय ना?"

"भ्या वाटतंय," ते म्हणाले, आणि माझा हात त्यांनी सोडला नाही.